किनाऱ्यावर ठेवलेल्या नोटा

१

कामावरून आला की रेगिन आधी घरात शिरत नसे. रबरी बूट पायातच, हातांना सॅल्मनच्या खाद्याचा वास, तसाच तो घराला वळसा घालून वाळवणघरात जाई. उभ्या फळ्यांची ती खोली. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, त्यामुळे समुद्रावरचा वारा एका भिंतीतून आत येई आणि दुसऱ्या भिंतीतून निघून जाई. वर आढ्याला मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या, एका बाजूला शेपटीशी जोडी बांधलेले मासे. एक तंगडी खाली घ्यायची, सुरीने चार काप काढायचे, बशीत घालून स्वयंपाकघरात न्यायचे, एवढंच काम. पूर्वी ते हानुस करायचा.

हानुस जाडे काप काढायचा. रेगिनला पातळ आवडत. पण फेब्रुवारीपासून तोही जाडेच काढत होता आणि सुन्वावहिनी ते तसेच चावत होती.

हानुस त्याचा थोरला भाऊ. आई-वडील लवकर गेल्यावर त्यानेच रेगिनला वाढवलं. शाळेतून पळून आला तेव्हा कान पिळला, आणि दुसऱ्या दिवशी समुद्रात सॅल्मन पाळतात त्या पिंजऱ्यांवर कामाला लावूनही दिलं. फेब्रुवारीत बेटाच्या पश्चिमेला जाळी ओढताना हानुस होडीवरून पाण्यात गेला. होडीवरचे बाकीचे आले. शोध झाला, हेलिकॉप्टर फिरलं, मग एक अधिकारी घरी येऊन कॉफी प्यायला आणि म्हणाला, "तिथे पाणी फार खोल आहे." रेगिनने त्याच्या हातातला कप काढून घेतला होता. वहिनीने मध्ये पडून तो परत दिला.

तेव्हापासून रेगिनच्या डोक्यात एकच होतं. नॉर्वेत एक बोट भाड्याने मिळते, तिच्यावरून तळापर्यंत कॅमेरा सोडता येतो. भाडं ऐकून त्याने फोन ठेवून दिला होता. पण मग त्याला शेगडीच्या वरच्या फळीवरचा पत्र्याचा डबा आठवला.

"पणजोबांच्या नोटा विकतो," तो जेवताना म्हणाला.

वहिनीचा हात पोटावर गेला. दिवस भरत आले होते तिचे. "हानुस कधी विकणार नाही म्हणायचा."

"दादाला शोधायलाच विकतोय ना?"

"आणि सापडला तर?"

"तर घरी आणू."

"काय आणशील, रेगिन?" ती हळू म्हणाली. "फेब्रुवारीत गेलाय तो."

रेगिनने बशी सरकवली आणि बाहेर जाऊन उगाचच लाकडं फोडत बसला.

२

मोर्तान राजधानीतून स्वतःच्या गाडीने आला. जुन्या नोटा आणि तिकिटं विकत घेणारा माणूस, बोटं धुतलेली, चष्मा गळ्यात दोरीला. वहिनीने त्याच्यासाठी केक केला होता. त्याने दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत म्हणाला, "आधी काम. लोणी नोटांना चांगलं नसतं."

रेगिनने डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं.

डबा बाहेरून कोरडा होता. आतला पत्राही चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. पण नोटा ओल्या होत्या. भिजलेल्या नव्हेत; पावसात अंगणात राहिलेल्या कपड्यासारख्या दमट, जड.

"अरे देवा," मोर्तान म्हणाला. "कुठे ठेवता हा डबा? विहिरीत?"

"शेगडीच्या वर. कायम."

"तर मग शेगडी पेटवत नसाल."

"पेटवतो की! दगडी कोळसा कोण खातं मग, मी?"

मोर्तान हसला नाही. चिमट्याने एकेक नोट उचलून तो पांढऱ्या फडक्यावर मांडत गेला. सहा होत्या. डेन्मार्कच्या जुन्या नोटा, आणि प्रत्येकीवर लाल शिक्का: फक्त फेरो बेटांवर चालेल, जून १९४०. युद्धात डेन्मार्क जर्मनांच्या हाती पडला तेव्हा इथे घाईघाईने मारलेला शिक्का. मोर्तानचा श्वास जरा जोरात चालू लागला. ते रेगिनला कळलं, आणि आपल्याला कळलंय हे मोर्तानला कळू नये म्हणून त्याने केकचा तुकडा तोंडात टाकला.

"वाट लावलीय कोणीतरी," मोर्तान पुटपुटला. "हे बघ. प्रत्येकीचा कोपरा कात्रीने कापलाय. पोरांनी खेळायला घेतल्या होत्या का?"

रेगिन वाकला. एका नोटेचा कोपरा दुभंगलेला होता, दुसरीला अर्धगोल चाव्यासारखी खाच. शेवटच्या, सगळ्यांत मोठ्या नोटेचं टोक तिरपं उडवलेलं आणि त्याच्या खाली एक बारीक चीर. ती चीर त्याने डोळे मिटूनही ओळखली असती. दर शरद ऋतूत हानुस मांडीत कोकरू धरायचा आणि त्याच्या कानाला हेच करायचा.

"ही पोरांची करामत नाही," रेगिन म्हणाला. "या मेंढ्यांच्या कानाच्या खुणा आहेत. ही आमच्या घरची. ही ओढ्याकाठच्या घरची. ही वरच्या आळीतली. घराघराची वेगळी असते."

"मेंढ्यांना ठीक आहे," मोर्तान चष्मा काढत म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी काय सांगू, कान कापलेली नोट आहे म्हणून?"

तरीही त्याने जो भाव सांगितला त्यात नॉर्वेची बोट येत होती. एकटी ती मोठी नोट चांगली राहिली तरी काम भागेल, असं तो म्हणाला. तशी दुसरी त्याने आयुष्यात एकदाच पाहिली होती.

"पण अशा ओल्या मी नेणार नाही. बुरशी धरेल. तू नीट वाळव, मी सोमवारी येतो."

"वाळवतो."

मोर्तानच्या मनात टीपकागद होता, दोन जाड पुस्तकं होती, उबदार खोली होती. पण तो शहरातला माणूस; त्याने ते बोलून दाखवलं नाही. आणि रेगिन ज्या गावात वाढला होता तिथे वाळवायची जागा एकच होती.

जाताना मोर्तान दाराशी थांबून बोटं हुंगत म्हणाला, "मीठ आहे यांना." मग रुमालाने हात पुसून गाडीत बसला.

३

रेगिनने वाळवणघरात दोरी बांधली. समुद्राकडच्या भिंतीला लागून, कारण वारा तिथे सगळ्यांत चांगला. वहिनीचे कपड्यांचे लाकडी चिमटे घेतले आणि नोटा ओळीने लावल्या. मासे टांगतात तशाच. मागे सरून पाहिलं तेव्हा त्याला क्षणभर बरं वाटलं. बऱ्याच महिन्यांनी एखादं काम पुरं झालं होतं.

मग त्याने पुन्हा पाहिलं.

वारा पश्चिमेचा होता. फटींतून शिट्टी घालत सरळ आत येत होता, त्याच्या छातीवर लागत होता. माशांच्या शेपट्या आतल्या बाजूला झुकल्या होत्या, वरच्या तंगड्यांचे दोर कुरकुरत आतल्याच बाजूला ओढले जात होते. आणि नोटा बाहेरच्या बाजूला झुकल्या होत्या. वाऱ्यावर चाल करून जाव्यात तशा. फटींच्या तोंडाशी त्यांचे कोपरे टेकले होते आणि थरथरत होते.

'भोवरा असेल,' रेगिनने स्वतःला सांगितलं. 'भिंतीशी वारा वळत असेल.' त्याने खिशातून लोकरीचा धागा काढून नोटांशेजारी धरला. धागा आत उडाला. नोटा बाहेरच.

"आत आण त्या."

तो दचकला. दारात फिया आत्या उभी होती, हातात वहिनीसाठी मुरंब्याची बरणी. वडिलांची बहीण; वय झालेलं, पण रोज सगळ्या गावाला एक चक्कर मारल्याशिवाय तिला झोप येत नसे.

"वाळवतोय, आत्या."

"दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे. समुद्राकडच्या भिंतीला? दिसतील अशा?"

"कोणाला दिसतील? बगळ्यांना?"

आत्याने बरणी उंबऱ्यावर ठेवली. ती आत आली नाही. "डेमुस आजोबा मासे घेऊन विलायतेला निघाले तेव्हा बरोबरच्या पाच जणांनी हे पैसे आजीपाशी ठेवले. नेऊन उपयोग काय? शिक्क्याचा पैसा तिकडे चालायचा नाही. नंतर भांडण नको म्हणून ज्याने त्याने आपल्या नोटेवर आपली खूण पाडली. आल्यावर घेऊ म्हणाले. शेवटची आजोबांची स्वतःची."

"आणि आलेच नाहीत. माहीत आहे मला."

"आजी घरोघर गेली, तुमच्या माणसाची नोट घ्या म्हणून. एकाही बाईने घेतली नाही. घेतली म्हणजे तो परत येणार नाही असं कबूल केल्यासारखं होतं ना. म्हणून आजीने ठेवल्या. झाकण घट्ट लावून ठेवल्या, रेगिन. ती काही वेडी नव्हती."

"मग विकू नको म्हणतेस?"

"विकायचं तू आणि सुन्वा बघा. मी एवढंच सांगते, आत आण."

"सोमवारपर्यंत वाळल्या पाहिजेत. दादासाठी आहे हे!"

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. "हानुसचा हट्टीपणा तुझ्याकडे आलाय," ती म्हणाली, "त्याची अक्कल तेवढी यायची राहिली." मग बरणी उचलून घराकडे गेली.

४

सकाळी ओढ्याकाठच्या घरची नोट नव्हती.

चिमटा दोरीवरच होता, मिटलेला. वाऱ्याने नोट उडाली असती तर चिमट्यात तुकडा तरी राहिला असता. रेगिनने जमीन चाचपली, माशांच्या मागे पाहिलं, तंगड्यांमध्ये हात घातला. चिमट्याच्या खाली, फटीला लागून, जमिनीची फळी ओली होती. थेंब पडलेली ओल नव्हे. कोणी बराच वेळ उभं राहावं तशी, दोन पावलांच्या रुंदीची. ती भिंतीच्या बाहेरच्या बाजूलाही होती. आत आणि बाहेर मिळून एकच डाग, भिंत मध्ये नसावीच असा.

"पहाटे बाहेर गेला होतास?" वहिनीने विचारलं.

"नाही. का?"

"बुटांचा आवाज आला. पाणी भरल्यासारखा, पचक पचक. मला वाटलं तूच, बूट न रिकामे करता फिरतोयस."

"कुत्रा असेल."

"बूट घातलेला?"

त्याने वाळवणघराला कुलूप लावलं. दार आपटून, दोनदा ओढून पाहून लावलं, आणि कामावर गेला. पिंजऱ्यांवर दिवसभर खाद्य फेकताना त्याची नजर पुन्हा पुन्हा किनाऱ्याकडे जात होती. शेजारच्या पोराने चेष्टा केली, "काय रे, घरी चूल पेटती ठेवून आलायस?" त्याने खाद्याची पुढची बादली उचलली.

संध्याकाळी कुलूप होतं तसं होतं. आत आणखी दोन चिमटे रिकामे होते, आणि प्रत्येकाखाली वेगळा ओला डाग.

रेगिनने आत्याचं ऐकून नोटा आत आणायला हव्या होत्या. हे त्यालाही कळत होतं. त्याने चिमट्याला हातही लावला. पण बोटं तिथेच थांबली. कारण आता कोण काय नेतंय हे त्याला दिसत होतं. ओढ्याकाठच्यांनी ओढ्याकाठची नेली होती, वरच्या आळीने वरच्या आळीची. एकेकाने येऊन आपली तेवढी नेली होती, कुणी दुसऱ्याची नेली नव्हती. चोर असं करत नाही.

शनिवारी सकाळी दोरीवर एकच नोट उरली. डेमुस पणजोबांची मोठी नोट, टोक उडवलेली, खाली चीर. ती वाऱ्यावर इतकी ताणली गेली होती की चिमट्याची स्प्रिंग कुरकुरत होती.

दुपारी मोर्तानचा फोन आला. "वाळल्या का रे?"

"एक वाळलीय."

"एक? बाकीच्या?"

"मोठी आहे," रेगिन म्हणाला.

"मोठी असेल तर मला बाकीच्यांचं दुःख नाही. पण ती सांभाळ हां. आतल्या खोलीत ठेव. उशीखाली घेऊन झोप वाटल्यास."

फोन ठेवून रेगिन अंगणात उभा राहिला. नोट आत आणली तर सोमवारी पैसे, पैशाची बोट, बोटीचा कॅमेरा, आणि त्या खोल पाण्यात तळाशी कुठेतरी दादा. हा एक रस्ता होता. पण दुसरा त्याच्या मनात सकाळपासून उघडा पडला होता आणि तो मिटत नव्हता. समुद्राने नेलेली माणसं आपली खूण ओळखून वर येत होती. उरलेली खूण त्याच्या घरची होती. पणजोबांची, तशी आजोबांची, वडिलांची. हानुसची.

त्याने नोट तशीच राहू दिली.

५

रविवारी धुकं आलं. सकाळीच समुद्र गेला, मग धक्का, मग खालची घरं. प्रार्थनेहून लोक परतले, घराघरांतून कॉफीचा वास सुटला, आणि दुपारी गावात कोणी बाहेर दिसेना. वहिनीला रेगिनने सांगितलं की मेंढ्या बघून येतो. तो वाळवणघरात जाऊन एका मोठ्या तंगडीमागे, लाकडी पेटीवर बसला.

वारा पूर्ण पडला होता. असं वर्षातून क्वचितच होतं. तंगड्या स्थिर, मासे स्थिर, फटींच्या बाहेर पांढरं. फक्त नोट आडवी ताणलेली होती.

'मी काय करतोय,' त्याला वाटलं. 'उठावं, नोट घ्यावी, खिशात घालावी. कोणीतरी पोरगं काठी घालून नोटा ओढत असेल. त्याला पकडावं आणि बदडावं.' हा विचार त्याला पटला. तो उठणारही होता.

पचक.

खाली, धक्क्याकडे. मग पुन्हा. सावकाश, एका लयीत, कसली घाई नसलेल्या माणसासारखं कुणीतरी चढाव चढत होतं. गोट्यांवरून गवतावर आलं तसा आवाज मऊ झाला. भिंतीपाशी येऊन थांबला. फटींतल्या पांढऱ्यात चार-पाच फळ्यांच्या रुंदीचं काही गडद उभं राहिलं. त्यातून पाणी पडत होतं. पाऊस थांबल्यावर पन्हळीतून पडावं तसं, पण ते कमी होत नव्हतं.

रेगिन पेटीवरून अर्धवट उठला.

फटीतून हात आत आला. फट बोटभर होती. हात पूर्ण आला, मनगटापर्यंत. लोकरीचा हातमोजा, पाण्याने फुगलेला. त्याने नोट अंगठ्याने धरली. मग दुसऱ्या अंगठ्याने.

हाताला दोन अंगठे होते, एक या बाजूला आणि एक त्या.

हे ओरडण्यासारखं होतं. पण रेगिनच्या डोक्यात आलं ते फिया आत्याच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेल्या जुन्या मोज्याचं चित्र. पूर्वीचे लोक समुद्रावर असेच मोजे घालत. एक बाजू झिजली की उलटा करून दुसरी वापरायची, म्हणून दोन अंगठे विणलेले. आता कोणी घालत नाही. हानुस नारिंगी रबराचे घालायचा.

चिमटा न उघडताच नोट सुटली. हात फटीतून बाहेर गेला. गडद आकार वळला आणि पावलं उतरू लागली.

पणजोबा. ज्यांची होती ते घेऊन गेले.

रेगिन भिंतीशी धावला आणि फटीला डोळा लावला. धुकं जरा हललं. खाली धक्क्याच्या वरच्या टोकाला पाच जण उभे होते, काळे, जवळजवळ. सहावा त्यांच्यात जाऊन मिळाला. ते वळून पाण्याकडे चालू लागले.

त्यांच्यापासून जरा दूर, एकटं, आणखी कोणी होतं. नारिंगी. ते चाललं नाही. रिकामे हात पुढे धरून ते हातांकडे बघत होतं, जसं दुकानात खिसे चाचपून झाल्यावर माणूस बघतो.

"दादा!" रेगिन ओरडला.

६

तो घरात शिरला तेव्हा उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचला. "नोट," तो म्हणाला. "वहिनी, नोट दे. कसलीही. कागदाची."

त्याने ड्रॉवर ओढून टेबलावर उपडा केला. दोरे, बॅटऱ्या, मेणबत्त्यांचे तुकडे. स्वतःचं पाकीट उघडलं. कार्ड. लायसन. कोणाकडेच आता कागदाचा पैसा नसतो. दुकानात लोक फोन दाखवतात, चर्चमध्येसुद्धा. त्याने बरण्या पाहिल्या, कोटांचे खिसे उलटे केले. "दादा खाली आहे. बाकीचे आपापलं घेऊन गेले. त्याने आपल्यापाशी काही ठेवलं नव्हतं, म्हणून तो वर येत नाहीये. कळतंय का तुला? त्याचं इथे काही असायला हवं!"

वहिनी खिडकीशी उभी होती. तिने खूप वेळापासून तिथून पाहिलं असावं. चेहऱ्याला रंग नव्हता, पण ती रडत नव्हती.

"आहे," ती म्हणाली.

तिने मूठ उघडली. घडी घातलेली नोट, आजची, साधी. "चर्चला जायच्या विजारीत होती. मार्चमध्ये धुवायला काढली तेव्हा सापडली. माझ्यापाशीच ठेवली. खर्च करवेना."

रेगिनने नोट घेतली. भिंतीवरची कात्री ओढली. टोक उडवायचं, खाली चीर. त्याने पाती उघडली.

"थांब," वहिनी म्हणाली. "मी नको म्हणत नाही. मलाही तो हवाय, तुझ्यापेक्षा कमी नाही. पण आधी इथे ये. एकदा नीट बघ. मग तू ठरव."

तो खिडकीशी गेला.

ते आता धक्क्यावर नव्हतं. चढावाच्या मध्यावर, कुंपणाच्या तिथे होतं. कात्री हातात घेतल्यापासून तेवढं वर आलं होतं. बूट, नारिंगी विजार, खांदे. हानुसचेच खांदे, डावा किंचित खाली. मग रेगिनने नजर वर नेली. धुकं पुढून त्या आकारावर येत होतं, छातीवर दुभंगून दोन्ही बाजूंनी जात होतं. पण जिथे चेहरा असतो, तिथे ते दुभंगत नव्हतं. तिथे सरळ आत जात होतं, आत, आत, आणि मागून बाहेर येत नव्हतं.

पोटातल्या बाळाने लाथ मारली असावी. वहिनीने कण्हून खिडकीची चौकट धरली. कुंपणापाशी ते डोकं किंचित कललं. कान द्यावा तसं.

रेगिनने कात्री टेबलावर ठेवली. ठेवताना आवाज होऊ नये अशी काळजी घेतली.

मग तो दाराशी गेला. उघडलं नाही. लाकडाला कपाळ टेकवून, लहान असताना हानुसने छपरावरून खाली यायला सांगितल्यावर जसा तो हट्टाने नाही म्हणायचा, त्याच्या अगदी उलट आवाजात, समजावणीच्या आवाजात तो बोलला.

"दादा. तुझी नोट माझ्यापाशी आहे. चांगली आहे. मी सांभाळतो. पण अजून नाही. एवढ्यात नाही."

बाहेर काही झालं नाही. वहिनी त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा हात त्याच्या पाठीवर होता.

सोमवारी मोर्तान आला. रेगिनने त्याला दारातच सांगितलं की विकायला काही नाही. तो फार चिडला. शिव्या घातल्या, गाडीपर्यंत जाऊन परत आला, तुला फसवून कोणी दुसऱ्याने नेल्या असतील म्हणाला. "कितीला दिल्यास? निदान आकडा तरी सांग, मूर्खा!" रेगिन म्हणाला, "ज्यांच्या होत्या त्यांनी नेल्या." नॉर्वेच्या बोटीला त्याने पुन्हा फोन केला नाही.

मुलगी झाली. फिया आत्या तिला मांडीवर घेऊन बसते आणि गावभरच्या चुगल्या सांगते, त्यातलं पोरीला काही कळत नाही म्हणून जास्तच मोकळेपणाने. काम तेच आहे, पिंजरे, खाद्य, संध्याकाळी मेंढीचे काप. नोट रेगिनच्या शर्टाच्या आतल्या खिशात असते. तिची घडी त्याने उघडलेली नाही आणि तिला कात्री लावलेली नाही. "कधी देशील का रे?" असं वहिनी एकदा म्हणाली होती, पोरगी झोपल्यावर. त्याने खिसा चाचपला. तिने पुन्हा विचारलं नाही.

वारा पडून धुकं आलं की मात्र दोघं बोलायचं थांबतात. वहिनी पोरीला उचलून आतल्या खोलीत नेते. रेगिन दाराशी जातो, लाकडावर तळहात ठेवतो आणि म्हणतो, "अजून नाही, दादा."

मग तो कान देऊन उभा राहतो. बराच वेळ जातो. आणि दाराच्या अगदी पलीकडून, पाण्याने भरलेला बूट एक पाऊल मागे सरतो. एकच पाऊल.